फोटो पाठवते हं!

इस्तंबूलहून परत आल्यावर एका शनिवारी सकाळी नवऱ्यानं माझे सगळे फोटो पाहिले. नऊशेच्या वर होते. चहा संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण हागिया सोफिया कुठंय?"

नव्हती. म्हणजे एका फोटोत होती, पण पार मागे आणि धूसर. पुढे एक बाई खांबाला धरून एका पायावर उभी होती आणि बुटातला खडा काढत होती.

"हे बघायला आपण एवढे पैसे खर्च केले?"

प्रश्नात तथ्य होतं. तेव्हा मी काहीच उत्तर दिलं नाही, म्हणून आता अंकाच्या निमित्तानं देते आहे.

तुमच्यापैकी बरेच जण इस्तंबूलला जाऊन आले आहेत. आपल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असताना तीन कुटुंबांनी मला तीन वेगवेगळ्या याद्या दिल्या होत्या. त्यातलं सगळं आम्ही इमानदारीनं पाहिलं. निळी मशीद, तोपकापी राजवाडा, साठाहून जास्त गल्ल्यांचा तो छपराखालचा प्रचंड बाजार, सगळं. पाहण्यासारखं आहेच. पण त्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत, आणि त्यांचे फोटोही माझ्यापेक्षा चांगले आलेत.

माझ्याकडे कॅमेरा आहे तो सेकंडहँड. इथलंच एक ओळखीचं कुटुंब कायमचं भारतात परतलं, तेव्हा त्यांनी फ्रीज, सोफा आणि हा कॅमेरा विकायला काढला. फ्रीज आम्हाला नको होता. इथं अमिरातीत अनोळखी माणसाचा त्याच्या संमतीशिवाय फोटो काढणं गुन्हा आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे तीन वर्षं तो कॅमेरा वाढदिवस, हळदीकुंकू आणि मंडळाचे कार्यक्रम यांपुरता होता. स्टेजवर नाच करणारी मुलं आणि केकमागची मुलं, एवढाच माझा अनुभव.

त्याआधीचा अनुभव मात्र वेगळा होता. मराठीत एम. ए. करून मी साताऱ्याला एका शाळेत सहा वर्षं शिकवलं. एका वर्गात साठ मुलं. फळ्याकडे तोंड करून लिहीत असतानाही पाठीमागे कोण काय करतंय हे कळायला लागतं. कोण आता हसणार आहे, कोणाला उत्तर येतंय पण हात वर करायचं धाडस होत नाहीये, कोणाचा डबा आज आलेला नाही. दुबईला आल्यावर हे सगळं अचानक थांबलं. इथं मी रोज जास्तीत जास्त दहा चेहरे पाहते, त्यातले दोन घरातले. रस्त्यावर फोटो काढायची मला हौस का आहे, असं कुणी विचारलं तर खरं कारण हेच. मला साठ चेहरे हवे होते.

तर शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही तिघं सहा दिवस इस्तंबूलला गेलो.

पहिला दिवस वाया गेला. मी मोठी झूम लेन्स घेऊन गेले होते. एमिनोन्युच्या धक्क्यावर, एका भिंतीच्या आडून, समोरच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढत राहिले. रात्री हॉटेलच्या पलंगावर ते पाहिले तेव्हा लाज वाटली. लांबून ओढून जवळ आणलेल्या माणसाचा चेहरा मोठा दिसतो, पण फोटो काढणारा तिथं नव्हता हेही दिसतं. चोरून पत्र वाचल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी झूम हॉटेलातच ठेवली आणि छोटी लेन्स लावली. तिच्यात माणूस मोठा हवा असेल तर आपल्यालाच चार पावलं पुढे जावं लागतं. दुसरा इलाज नसतो.

दुसऱ्या दिवशी आणखी एक चूक केली, ती जरा सुशिक्षित होती. इस्तंबूलचे फोटो म्हटलं की आरा ग्युलेर हे नाव घ्यावंच लागतं. १९२८ साली याच शहरात जन्मलेला हा आर्मेनियन वंशाचा छायाचित्रकार २०१८ साली इथंच गेला. लोक त्याला इस्तंबूलचा डोळा म्हणत. तो स्वतः मात्र आपण कलावंत नाही, वर्तमानपत्राचे फोटोग्राफर आहोत, असं ठासून सांगायचा. ओरहान पामुकच्या 'इस्तंबूल' या पुस्तकात त्याचे कितीतरी फोटो आहेत. इस्तिकलाल रस्त्याच्या एका गल्लीत त्याच्या नावाचं कॅफे आहे आणि भिंतींवर त्याचे काळे-पांढरे फोटो आहेत. पन्नाशी-साठीच्या दशकांतले धूर सोडणारे बोटींचे भोंगे, ओले रस्ते, होड्या, कोळी. ते पाहून मी भारावले आणि कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर केला. दिवसभर जे काही टिपलं ते सगळं दुःखी दिसत होतं. आइसक्रीम खाणारी माझी लेकसुद्धा निर्वासितांच्या छावणीतली वाटत होती. तेव्हा कळलं की ही उदासी उसनी आहे. आरा ग्युलेरच्या काळात शहर तसं होतं आणि फिल्मही तशीच होती. आजचं इस्तंबूल लाल ट्राम, निळ्या प्लास्टिकच्या बादल्या आणि पिवळ्या टॅक्सींचं आहे. संध्याकाळी मी रंग परत आणले.

खरा फोटो मला गलाता पुलावर सापडला. जुना पूल १९९२ साली आगीत सापडला; आताचा १९९४ सालचा आहे. खाली हॉटेलं, मधून ट्राम आणि दोन्ही कठड्यांना टेकून शेकडो गळ. सकाळी पाहा, रात्री पाहा, पाऊस असला तरी पाहा, माणसं उभी. एका दोरीला आठ-दहा बारीक गळ बांधलेले, प्रत्येकाला छोटं पीस. दोर वर आला की बोटाएवढे चांदीचे मासे त्यावर थरथरत असतात. दह्याच्या रिकाम्या बादलीत ते पडले की कडेला बसलेलं मांजर एक डोळा उघडतं. (मांजरांचे मी पहिल्या दोन दिवसांत एकशे चाळीस फोटो काढले आणि जवळजवळ सगळे पुसले. इस्तंबूलच्या मांजराचा वाईट फोटो काढणं अवघड आहे, म्हणूनच त्यात काही राम नाही.)

हॉटेलात नाश्ता वाढणाऱ्या बाईंनी मला एक शब्द शिकवला होता, 'कोलाय गेलसिन'. काम करत असलेल्या कुणाही माणसाला जाता-येता हे म्हणायचं. तुझं काम सोपं होवो, असा काहीसा अर्थ. आपल्याकडे गावात शेताच्या बांधावरून जाताना "काय, चाललंय का?" म्हणतात ना, तसंच, पण त्यात शुभेच्छाही आहे. पुलावर मी एका माणसाच्या शेजारी उभी राहिले आणि घाबरत म्हटलं, "कोलाय गेलसिन." त्यानं वळून पाहिलं, मान हलवली आणि काहीच न बोलता बादली थोडी पायानं सरकवून मला कठड्याशी जागा करून दिली. मी पाऊण तास तिथं होते. कॅमेरा दाखवला तेव्हा तो ताठ उभा राहिला, जसा माणूस फोटोला उभा राहतो. मी तोही फोटो काढला. मग काहीच केलं नाही, नुसती थांबले. शाळेत तपासणीला साहेब आले की मुलं पहिली दहा मिनिटं ताठ बसतात. नंतर पुन्हा खोडरबर फेकायला लागतात. तसंच. सातव्या-आठव्या मिनिटाला तो मला विसरला.

रस्त्यावरच्या फोटोंबद्दल एक मोठा वाद आहे. आधी विचारलं तर क्षण निघून जातो, न विचारता काढला तर तो चोरलेला असतो. हा वाद मी वाचलेला होता. तो मला समजला चौथ्या दिवशी, बालातमध्ये.

बालात ही जुनी वस्ती. एकेकाळी ज्यूंची. चढाच्या अरुंद गल्ल्या, रंगीत घरं, आणि या घरापासून त्या घरापर्यंत बांधलेल्या कपड्यांच्या दोऱ्या. आता खालच्या मजल्यांवर कॅफे झालेत आणि जिन्यांवर तरुण मुली पोझ देऊन उभ्या असतात. मला ते नको होतं, म्हणून मी दोन गल्ल्या वर गेले. तिथं दारात एक बाई पाण्यानं पायरी धूत होती. ढोपरापर्यंत खोचलेला घागरा, ओले हात, कपाळावर आलेले केस. मागे निळा दरवाजा. मी काही म्हटलं नाही, कॅमेरा वर केला आणि बटण दाबलं.

तिनं आवाज ऐकला. खराटा ठेवून ती सरळ माझ्यासमोर आली. काय म्हणाली ते कळलं नाही, पण काय म्हणत होती ते कळलं. मी तिला पडदा दाखवला आणि तिच्यासमोर फोटो पुसला. तिनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली, पुढचा-मागचा फोटो बघितला आणि आत जाऊन दार लावलं. पायरी अर्धी धुतलेली राहिली.

लेक म्हणाली, "आई, त्या रागावल्या का?"

"हो."

"मग तू सॉरी म्हणालीस?"

"पुसला ना फोटो."

"पण सॉरी?"

मला तुर्कीत सॉरी येत नव्हतं. फोटो काढू का हेही विचारायला शिकले नव्हते. शिकले होते तो एकच शब्द, आणि नेमका तोच तिला म्हणायला विसरले होते. ती तर कामच करत होती.

उतारावरून खाली येताना मला सारखी आजी आठवत होती. माझी आजी वाईची. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या आणि चादरी घेऊन ती कृष्णेवर जायची. घाटावर गोधडी आपटायला दोन माणसं लागतात. एक टोक आजीकडे, दुसरं आईकडे. मी सहा-सात वर्षांची असेन तेव्हा एक गोरा पर्यटक तिथं आला. गळ्यात दोन कॅमेरे. त्यानं आजीचे खूप फोटो काढले, अगदी पाण्यात उतरून. बरोबरच्या माणसानं मराठीत सांगितलं, साहेब फोटो पाठवतील, पत्ता द्या. आजीनं पत्ता सांगितला, त्यानं वहीत लिहून घेतला. हे मी पाहिलेलं आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षं आजी पोस्टमनला विचारत राहिली. आधी कौतुकानं, नंतर चेष्टेनं आणि शेवटी जरा रागानं. "कुठल्या तरी गोऱ्याच्या घरात मी ओल्या लुगड्यानं उभी आहे," असं ती म्हणायची.

आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो नव्हता. धाकट्या आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केला. डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि उजव्या कडेला कुणाचा तरी भरजरी पदराचा खांदा राहिला आहे. हाराखाली तो झाकला जातो, पण हार वाळून आकसला की पुन्हा दिसतो.

पाचव्या दिवशी नवरा आणि लेक मत्स्यालय बघायला जाणार होते. लेक ऐनवेळी म्हणाली, मी आईबरोबर जाते. मला वाटतं, माझ्यावर लक्ष ठेवायला. आम्ही दोघी मसाल्याच्या बाजारामागे ताहताकालेत गेलो. हा पर्यटकांचा भाग नाही. दोऱ्या, काथ्या, बरण्या, खेळणी, डबे, सगळं घाऊक. रविवार पेठेत बोहरी आळीत गेल्यासारखं वाटतं. कानावर पडणारे शब्दही ओळखीचे. दुकानाला 'दुक्कान', चहाला 'चाय', आणि बिल मागायचं तर 'हेसाप', म्हणजे आपला हिशेबच. पण मी खरी थबकले ती एका हाकेनं. वरून कुणी तरी ओरडलं, "हमाल!" आणि लोक बाजूला झाले.

त्या उतारावरून मोठी गाडी येऊ शकत नाही. माल माणसाच्या पाठीवरून जातो. काही जणांकडे आता हातगाड्या आहेत, पण जुन्या हमालांच्या पाठीवर अजून ते कातड्याचं जाड खोगीर असतं. त्याला ते 'सेमेर' म्हणतात. जनावराच्या पाठीवरच्या खोगिरालाही हाच शब्द. त्यावर खोक्यांची चळत रचलेली आणि माणूस काटकोनात वाकलेला. समोरून येताना त्याचा चेहरा दिसत नाही, नुसते बूट आणि खोकी दिसतात.

असा एक जण एका ओट्याशी ओझं टेकवून दम खात होता. साठीचा असेल. मी कॅमेरा खालीच ठेवला आणि म्हटलं, "कोलाय गेलसिन." तो म्हणाला, "साउल." म्हणजे आभार. मग मी त्याच्याकडे बोट दाखवून "हमाल?" आणि स्वतःकडे दाखवून "हिंदिस्तान, हमाल" असं काहीतरी म्हटलं. मला म्हणायचं होतं की आमच्याकडेही हाच शब्द आहे, पुण्यात हमालांची मोठी पंचायत आहे. त्याला वाटलं असणार, ही बाई भारतात हमाली करते. तो इतका हसला की समोरच्या चहावाल्याला बोलावून त्यानं ते सांगितलं. मग लेकीनं फोनवर भाषांतर काढून गोष्ट निस्तरली, आणि फोटो काढू का, हेही तिनंच विचारलं.

त्यानं टोपी काढली, केस हातानं बसवले आणि ताठ उभा राहिला. तो एक काढला. मग चहा आला, त्या कंबर बारीक असलेल्या छोट्या ग्लासांतून, साखरेचे दोन खडे बशीत. चहा पिऊन तो पुन्हा ओझ्याखाली वाकला. एक हात भिंतीवर टेकवला, मानेच्या शिरा ताणल्या आणि तो उठला. तो दुसरा.

निघण्याआधी तो लेकीच्या फोनमध्ये काहीतरी बोलला. पडद्यावर आलं, "हा मला मिळेल का? घरी दाखवायचा आहे. मी काय करतो ते त्यांनी पाहिलेलं नाही."

"पाठवते हं," मी मराठीतच म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

कॅमेऱ्यातून माझ्या फोनवर फोटो घेणं त्या दिवशी काही केल्या जमेना. सिर्केजी तिथून चालत जवळ आहे आणि तिथं कॅमेऱ्यांची दुकानं रांगेनं आहेत. त्याच संध्याकाळी दोन्ही फोटो मोठ्या आकारात छापून घेतले. नवऱ्यानं दोन्ही पाहिले आणि हागिया सोफियाबद्दल तोवर तरी काही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी पुन्हा ताहताकालेत गेलो. विमान संध्याकाळचं होतं. तासभर थांबलो. हमालबाबा दिसले नाहीत. चहावाल्यानं खुणेनं सांगितलं, उद्या. उद्या आम्ही नसणार. मग त्यानं हात फडक्याला नीट पुसले, पाकीट घेतलं आणि फोटो काढून पाहिले. ताठ उभं राहिलेला फोटो पाहून मान डोलावली. दुसरा मात्र त्यानं डोळ्यांजवळ नेला, फोटोच्या अगदी कडेला बोट ठेवलं आणि म्हणाला, "बेन."

मी.

मी वाकून पाहिलं. उजव्या कडेला साखळ्यांनी लटकणारा चहाचा ट्रे होता आणि तो धरणारा एक खांदा. फक्त खांदा. त्यानं हाताची कात्री करून स्वतःचं मुंडकं कापल्याची खूण केली आणि मोठ्यानं हसला. मी दोन दिवस तो फोटो पाहत होते. मला तो खांदा दिसला नव्हता.

मग त्याचा एकट्याचा फोटो काढला. ट्रे हातात, पाच ग्लास भरलेले, डोळे टक्क उघडे. चहाचे पैसे देऊ लागले तर छातीवर हात ठेवून नको म्हणाला. माझ्या वहीत त्यानं सावकाश, मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला.

तो फोटो छापून, दोन प्रती करून, आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पोस्टात टाकला. हमालबाबांच्या हातात त्यांचं पाकीट पडलं की नाही, माहीत नाही. त्या रात्री आईला फोन केला आणि विचारलं, आजीच्या फोटोतला तो खांदा कुणाचा? आईला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. फोन हातात घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली, चष्मा लावला, हार बाजूला केला.

"काठावरून तर थोरल्या वन्सं वाटतात," ती म्हणाली. "पण त्या तेव्हा गर्दी नको म्हणून मागे होत्या... थांब, मूळ फोटो पाहायला हवा. माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. आता दिवाळीची साफसफाई निघाली की काढते."